छप्पनियाचा काळ आणि श्रीमंत सयाजीराव

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले म्हणजे काही गोष्टी ओळीने येतात. सक्तीचे शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, कमाटीबाग, गायनशाळा, आणि मग कोणाच्या तरी आजोबांना महाराजांनी स्वतः बोलावून विचारलेला एखादा प्रश्न. हे सारे खरे आहे व अभिमानाचेही आहे. परंतु दांडिया बाजार व रावपुऱ्याच्या बाहेर पडून पाटण, कडी, पेटलाद या बाजूंस गेल्यास तेथील गुजराती वृद्धांच्या घरांत त्याच कारकीर्दीची आणखी एक खूण सांगितली जाते, ती छप्पनियाची. विक्रम संवत 1956, म्हणजे इसवी सन 1899-1900 या साली जो दुष्काळ पडला त्याचे हे नाव. गुजरातीत हा शब्द पुढे भुकेचाच पर्याय होऊन बसला. महाराजांच्या चरित्रात हे प्रकरण दोन-चार पानांत आटोपते. माझ्या मते मात्र त्यांच्या राज्यकारभाराची कसोटी तेथेच लागली, आणि त्यांच्या मोठेपणाची व मर्यादांची मोजदादही तेथेच करावी लागते.

महाराजांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. वडील काशीराव गायकवाड, आणि मुलाचे नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच खरे, पण शाखा दूरची व परिस्थिती साध्या शेतकऱ्याची. मालेगावाकडील तो मुलूख कमी पावसाचा. बाजरीचे एक पीक आले तर वर्ष निभावायचे, नाही तर नाही. वयाच्या 12 व्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळख नव्हती. 1875 च्या एप्रिलात मल्हारराव महाराजांना पदच्युत करण्यात आले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी 27 मे 1875 रोजी गोपाळरावास दत्तक घेतले. कशासाठी आणले आहे असे विचारताच त्या पोराने राज्य करण्यासाठी म्हणून बेधडक सांगितले, ही कथा आपल्या घरांतून इतकी सांगितली गेली आहे की ती खरी असो वा नसो, बडोद्याच्या इतिहासाचा भागच झाली आहे.

यानंतर वर्षभरातच दख्खनवर 1876 ते 1878 चा महादुष्काळ कोसळला. दख्खनेतली माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर रांगा लावीत होती, त्या वेळी कवळाण्याचा हा मुलगा बडोद्यात इलियटसाहेबांच्या हाताखाली मराठी, गुजराती, इंग्रजी आणि हिशेब शिकत होता. राजा सर टी. माधवराव दिवाण होते. कोरडवाहू मुलखातून उचललेले मूल सधन राज्याच्या राजवाड्यात येऊन पडले; पाऊस चुकणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, आणि आता त्याची झळ त्याला लागणार नव्हती. या दोन गोष्टींची ओढाताण त्यांच्या पुढील आयुष्यात वारंवार दिसते.

28 डिसेंबर 1881 रोजी महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. लगेच त्यांनी प्रांतोप्रांती दौरे काढले. बडोदे संस्थान म्हणजे सलग प्रदेश नव्हे. उत्तरेस कडी, मध्ये बडोदे, दक्षिणेस नवसारी आणि काठेवाडात अमरेली असे चार तुकडे, मध्ये मध्ये इंग्रजी व इतर संस्थानी मुलूख. पाऊसपाणीही चार तऱ्हांचे. नवसारीकडे नद्या व भात, तर कडी प्रांत जवळजवळ राजपुतान्यासारखा कोरडा.

राजधानीच्या पाण्याची दशाही वाईट होती. विहिरी, तलाव आणि विश्वामित्री यांवर शहराची तहान भागे, आणि पटकी तर पाहुण्यासारखी येऊन जाई. खंडेराव महाराजांनी नर्मदेचे पाणी शहरात आणण्याचा घाट घातला होता, पण तो तडीस गेला नाही. सयाजीरावांनी जवळचा व व्यवहार्य मार्ग धरला. शहराच्या पूर्वेस सूर्या नदीवर आजवे येथे लांबच लांब मातीचा बांध घालून तलाव करायचा आणि तेथून उताराने नळवाटे पाणी आणायचे. अभियंता जगन्नाथ सदाशिवजी यांनी ही योजना आखली. 1885 साली काम सुरू होऊन 1892 साली शहरात पाणी खेळू लागले. तलावाला सयाजी सरोवर असे नाव पडले. लोक मात्र आजवा म्हणतात.

नळाच्या पाण्याचे एक वैशिष्ट्य असे की ते भरणाऱ्याच्या हाताकडे पाहत नाही. विहिरीला रहाट एक असतो, काठ एक असतो, आणि त्या काठावर कोणी उभे राहावे हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेले असते. राजधानीला आजव्याने निदान या एका बाबतीत मोकळीक दिली. खेड्यांत आजवा नव्हता. तेथे विहीर होती, आणि विहिरीच्या भोवती जात होती. याच सुमारास, 1890 साली, लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला, हेही नोंदवले पाहिजे. आपण त्याचे वैभव पाहुण्यांना हौसेने दाखवतो. त्याचा खर्च मुख्यतः शेतसाऱ्यातून आलेल्या पैशांवरच उभा होता, हे दाखवताना सहसा सांगत नाही.

छप्पनियाकडे वळण्यापूर्वी कडी प्रांतातील काही कथा सांगणे भाग आहे. दुष्काळ आला तेव्हा लोक त्याला कसे सामोरे गेले हे नुसत्या सरकारी अहवालांवरून कळत नाही. पाण्याविषयी त्यांच्या मनात आधीपासून काय होते तेही पाहावे लागते.

आम्हा गाणाऱ्यांच्या घरात पहिली कथा अर्थातच वडनगरच्या ताना-रीरींची. माझे घराणे दरबारी गवयाचे, त्यामुळे ही गोष्ट मी सरगमीच्याही आधी ऐकली. वडनगर हे कडी प्रांतातलेच. दीपक राग गाऊन अंगाचा दाह झालेला तानसेन फिरत फिरत तेथे आला, आणि नागर ब्राह्मणांच्या या दोन बहिणींनी मल्हार गाऊन पाऊस पाडला व त्याला शांत केले. पुढे बादशहाचे बोलावणे आले तेव्हा दरबारात गाण्यापेक्षा त्यांनी विहीर जवळ केली. आजही वडनगरास त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. कथा सुंदर आहे. तिच्यात पाऊस गुणाला वश होतो, आणि गुण कुलीन घरात जन्मतो. मी गाणे शिकवतो. मल्हार शिकवताना विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितल्यावाचून माझ्याच्याने राहवत नाही. पण कडी प्रांतात पाण्याची एवढी एकच कथा नाही.

पाटणला सिद्धराज जयसिंहाने 12 व्या शतकात सहस्रलिंग तलाव बांधला. सरस्वती नदीचे पाणी त्यात घ्यायचे होते. लोककथा अशी की, तलाव खोदायला आलेल्या ओड लोकांतील जसमा नावाच्या स्त्रीवर राजाचे मन गेले. तिने नकार दिला, तिच्या माणसांची हत्या झाली, आणि तिने स्वतःला जाळून घेताना तलावात पाणी टिकणार नाही असा शाप दिला. उत्तर गुजरातेतील भवाईत जसमा ओडणचा वेश होतो, तो हाच. खणणाऱ्या स्त्रीचा मान राखला गेला नाही म्हणून तळे कोरडे राहिले, असे ही कथा सांगते.

तिसरी कथा अंत्यजांच्या वासांतून सांगितली जाते. शाप उतरवण्यासाठी बत्तीस लक्षणी पुरुषाचा बळी हवा होता, आणि तो सापडला विणकर जातीत. त्याचे नाव मायो, ज्याला वीर मेघमाया म्हणतात. गळ्यात थुंकीसाठी मडके आणि पावलांचा ठसा पुसायला मागे झाडू बांधून ज्यांना चालावे लागे, अशा लोकांतला हा पुरुष. त्याने बळी जायचे कबूल केले, पण फुकट नव्हे. आपल्या जातभाईंचे मडके व झाडू जावेत, त्यांना गावालगत राहता यावे, अंगणात तुळस व पिंपळ लावता यावा, असे त्याने राजाकडून मागून घेतले. मग तो गेला आणि तळे भरले. गावाचे पाणी आमच्या माणसाच्या प्राणाने आले, आणि त्याची किंमत गावाने अजून चुकती केलेली नाही, असा या कथेचा रोख आहे.

आणि चौथी कथा आपली स्वतःची. गुजरातेत येताना मराठी घरांनी कीर्तन बरोबर आणले, आणि कीर्तनात दामाजीपंतांचे आख्यान. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे लोकांना लुटून दिली, आणि त्यांचा जीव वाचवायला साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारात मोहरा घेऊन गेला. आपल्याकडील आयाबायांनी हे आख्यान ऐकताना डोळे पुसले असतील. देवाने घेतलेले ते रूप दाराशी पाणी मागायला आले असते तर काय झाले असते, हा विचार मात्र कीर्तनाबाहेर फारसा पोचला नाही.

आता 1899. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस आला आणि मग जणू रस्ता चुकला. गुजरातेत मोठा दुष्काळ पडत नाही अशी समजूत तोवर रूढ होती. जवळजवळ एका शतकात तसा प्रसंग आलाच नव्हता. त्यामुळे दुष्काळाची रीत कोणालाच ठाऊक नव्हती. दख्खनच्या शेतकऱ्याला गुरे कधी विकावी, गाव कधी सोडावे, कोणती मुळे खाता येतात, हे आजीच्या तोंडून कळलेले असते. चरोतरातल्या पाटीदाराला ते शिकवणारे कोणी उरले नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की आपली जमीन सोन्यासारखी आहे, आणि दुष्काळी कामावर टोपली उचलायला जाणे ही नामुष्की आहे.

रेल्वेने धान्य आणता येत होते आणि ते आलेही. गुरांचा चारा मात्र तसा येऊ शकला नाही. गुरे मेली, त्यात बैल गेले. बैल गेले म्हणजे मोट बंद, म्हणून ज्या विहिरींत थोडेबहुत पाणी होते त्याही निकामी झाल्या. धान्याचे भाव चढले. ज्याच्या कोठारात माल होता, त्याला हे वर्ष वाईट गेले नाही. ज्याच्यावर सावकाराचे कर्ज होते, त्याच्या जमिनीचा कागद त्या वर्षी हातातून निसटला. आणि ज्याच्याकडे जमीनही नव्हती व पतही नव्हती, त्याच्याजवळ विकायला स्वतःचे श्रमच तेवढे होते. धान्य होते, पण ते घ्यायला पैसा नव्हता. आपल्या मराठी वस्तीतील बहुतेक घरे महिन्याच्या पगारावरची. दरबार, पलटण, कचेऱ्या, खाजगी खाते, कलावंत कारखाना. पगार चालू राहिला तोवर दुष्काळ हा वेशीपलीकडचा विषय होता. पण तो पगार ज्या महसुलातून येत होता तो वेशीपलीकडूनच येत होता.

संस्थानने दुष्काळी कामे उघडली, अनाथगृहे काढली, तगाई दिली, साऱ्याची सूट व तहकुबी दिली. महाराज स्वतः प्रांतांतून फिरले. त्या दौऱ्यातील त्यांची टिपणे 1901 साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एखाद्या संस्थानिकाने आपल्याच राज्यातील दुष्काळाचे निरीक्षण लिहून छापावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. बाकीच्यांची टिपणे शिकारीची असत.

कामे उघडली तरी माणसे सारख्या मनाने येत नव्हती. येथे त्या कथांचा संबंध येतो. ज्या जमातीला पाऊस हा कुळाच्या व पुण्याईच्या बळावर येतो असे वाटत होते, ती व्रतेवैकल्ये करीत, लाजेखातर घरात बसून, भांडी विकून दिवस काढीत राहिली आणि अगदी शेवटी बाहेर पडली. तोवर अंगात काम करण्याचे बळ उरले नव्हते. दुष्काळी कामाची मजुरी कामाच्या मापावर असे, म्हणून उशिरा आलेल्या दुबळ्याला मजुरीही कमी मिळे. भिल्लांसारख्या डोंगरी लोकांना सरकारी छावणी हीच आपत्ती वाटे. शेजारच्या इंग्रजी पंचमहालांत त्यांची फार भयंकर हानी झाली. अंत्यजांना श्रमाची लाज नव्हती, ते आले. पण तेथेही पाणी पाजणाऱ्याची जात पाहिली जाई आणि वेगळी रांग लागे. जो खणत होता त्यालाच तळ्याचे पाणी शेवटी, ही जसमाची आणि मायोची गोष्ट पुन्हा उभी राहिली. याच वर्षांत चरोतरात कितीतरी वणकर कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म पत्करला. मिशनऱ्यांनी अन्न दिले हे त्याचे एक कारण. हाताने दिले, दुरून टाकले नाही, हे दुसरे कारण असावे असे मला वाटते.

1900 साली उन्हाळ्यात पटकीने उरलेसुरले आटोपले. त्याच वर्षी महाराज युरोपला गेले, महाराणी चिमणाबाईंच्या प्रकृतीचे कारण होते. कर्झनसाहेबांनी संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले तेही याच वर्षी, आणि त्यातून उभयतांत जी तेढ आली ती आपण राष्ट्राभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो. कर्झनचा हेतू शुद्ध नव्हता यात शंका नाही. तरीही राज्य उपाशी असताना राजा विलायतेत होता ही गोष्ट कर्झनच्या उद्धटपणामुळे खोटी ठरत नाही.

1901 ची खानेसुमारी झाली. 1891 साली संस्थानची लोकसंख्या 24,15,396 होती, ती 19,52,692 वर आली. म्हणजे दहा वर्षांत 4,62,704 माणसे कमी, शंभरांत 19. यात साथींचे बळी आहेत आणि गाव सोडून गेलेलेही आहेत. परंतु मुख्य घाव छप्पनियाचा. प्रांतवार पाहिले तर अधिक कळते. नवसारी 3,19,443 वरून 3,00,441 वर आली. बडोदे प्रांत 8,17,023 वरून 6,44,071 वर. आणि कडी प्रांत, ताना-रीरीचा, जसमेचा आणि मायोचा कडी प्रांत, 10,98,742 वरून 8,34,744 वर. चारांतला एक माणूस तेथे उरला नव्हता.

या आकड्यांनी महाराजांना बदलले असे मी समजतो. सुधारक ते आधीपासूनच होते. 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केला होता. पण 1901 नंतर त्यांचा रोख जमिनीकडे व गरिबीच्या मुळाकडे वळलेला दिसतो. 1902 साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी भाषण केले. सारा देश एकट्या शेतीवर आणि पर्यायाने एकट्या पावसावर टेकलेला असणे हेच आपल्या दैन्याचे कारण आहे, असा त्याचा आशय होता. दोन वर्षांनी त्यांनी रमेशचंद्र दत्त यांना आणले. हे बंगाली गृहस्थ इंग्रजी नोकरीतले निवृत्त अधिकारी. 1900 सालीच त्यांनी दुष्काळ आणि जमिनीचा सारा यांवर पुस्तक लिहून, पाऊस चुकतो त्यात सरकारचा दोष नाही, पण शेतकऱ्याच्या घरी एक वर्ष निभावण्याइतके धान्य उरत नाही त्यात आहे, असे मांडले होते. हिंदुस्थान सरकारला जे म्हणणे पचले नाही, त्याच माणसाला महाराजांनी आपल्या महसूल खात्यावर बसवले. दत्तांच्या काळात धंद्यांवरचे व जातींवरचे कितीतरी जुने किरकोळ कर जाऊन त्यांच्या जागी प्राप्तीवरचा कर आला. 1909 साली दत्त दिवाण झाले आणि त्याच वर्षी बडोद्यातच वारले. आपल्याकडे त्यांची आठवण फार थोड्यांना आहे, याचे वाईट वाटते.

1906 मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू झाले, 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, 1910 पासून बॉर्डनसाहेबांच्या देखरेखीखाली ग्रंथालये गावोगाव गेली. या गोष्टी आपण पाठ म्हणतो, म्हणून विस्तार करीत नाही. त्या दुष्काळापासून सुट्या करून पाहू नयेत, एवढेच माझे म्हणणे. अक्षर ओळखणाऱ्या कुणब्याला सावकाराच्या खात्यावर अंगठा देण्यापूर्वी खाते वाचता येते. काळाच्या वर्षी त्याच्या जमिनीचे रक्षण याच गोष्टीने होते.

अंत्यजांसाठी शाळा त्यांनी 1880 नंतरच्या दशकातच सुरू केल्या होत्या. हिंदू शिक्षक तेथे जायला तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. 1908 साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून आणून या शाळांवर नेमले. हे चिकाटीचे काम होते आणि ते दरबारातील कित्येकांना नापसंत होते.

त्याच धोरणातून 1913 साली भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबिया विद्यापीठात शिकून, करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी 1917 साली ते बडोद्यास आले. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, पण आपल्या सभासमारंभांत ते सांगितले जात नाही. कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, तेथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. महाराजांच्या कानावर गोष्ट गेली, त्यांनी दिवाणांकडे पाठवली, आणि दिवाणांना काही करता आले नाही. कमाटीबागेतील झाडाखाली काही तास बसून आंबेडकर मुंबईला निघून गेले. ज्या शहराला आजव्याचे पाणी येऊन 25 वर्षे झाली होती, जेथे विठू महाराचे आख्यान दरवर्षी रंगत होते, तेथे ही गोष्ट घडली. ती कचेरी आपल्या पूर्वजांची होती. राजाने एका माणसाला समुद्रापलीकडे पाठवले, आणि शहराने त्याला खोली दिली नाही. महाराजांच्या हुकमाचे बळ आपल्या उंबऱ्याशी येऊन संपत होते.

पुढच्या काळात संकट उलट्या दिशेने आले. 1927 च्या जुलैत गुजरातेत अतिवृष्टी झाली आणि विश्वामित्री शहरात शिरली. बडोद्याची श्रद्धा अशी की कामनाथ, भीमनाथ, कोटनाथ, मोटनाथ आदी नऊ नाथांची शिवालये शहराचे रक्षण करतात, आणि त्यांतील बरीचशी नदीच्याच बाजूला आहेत. विश्वामित्रीची कथाही तशीच गोड आहे. पावागडाजवळच्या दरीत ऋषींची गाय पडली, तिने आपल्या दुधाने दरी भरून काढली आणि पोहत वर आली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून देवाने दरीत डोंगर घातला, त्याचा पाव भाग वर राहिला, तो पावागड. नदीला आई मानणाऱ्या शहराने तिच्या पोटात घरे बांधावी हे नवल आहे. पण सखल जागी आधी तोच राहायला जातो ज्याला उंचावर जागा परवडत नाही.

6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराजांचे मुंबई येथे निधन झाले. वय 75, आणि पूर्ण अधिकारानिशी कारभार 57 वर्षांचा. छप्पनियाचा पाऊस कोठे अडला होता, याचा उलगडा त्यांच्या हयातीत नुकता कोठे सुरू झाला होता. 1904 साली हवामान खात्यावर आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी त्याच दुष्काळाच्या धास्तीतून शोध सुरू केला आणि पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाच्या हेलकाव्यांचा आपल्या मोसमी पावसाशी संबंध दाखवला. समुद्राचे ते तापणे आज एल निनो या नावाने शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आता तर सारी पृथ्वीच तापत चालली आहे, आणि पाऊस नाही तर एकदम सारा पाऊस, असे दोन्ही टोकांचे दिवस वाढणार असे शास्त्रज्ञ सांगतात.

2024 च्या ऑगस्टअखेर बडोद्याने त्यांतले एक टोक पाहिले. विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली, मगरी रस्त्यांवर आल्या, आणि आजव्याचे पाणी कधी व किती सोडले यावरून शहरभर वाद झाला. बंगल्यांतही पाणी होते, झोपड्यांतही होते. बंगल्यातल्यांनी वरचा मजला गाठला. महाराजांचा तलाव दोषी की नदीकाठ बुजवणारे आपण, या चर्चेत प्रत्येक पेठेची कथा पुन्हा वेगळीच ऐकू आली. कोणी नवनाथांचे आभार मानले, कोणी महानगरपालिकेला शिव्या दिल्या, आणि कोणाला भरपाईच्या यादीत आपले नाव का नाही हे विचारायला कचेरीत चार खेपा घालाव्या लागल्या.

शहराच्या पूर्व भागाला आजही आजव्याचेच पाणी येते. खंडेराव महाराजांना जे साधले नाही ते नर्मदेचे पाणी आता कालव्याने बडोद्याजवळून उत्तरेकडे, जुन्या कडी प्रांतात जाते. पाटणचा सहस्रलिंग तलाव कोरडा आहे. पाहायला येणारे सिद्धराजाचे नाव विचारतात. वीर मेघमायाचे स्थानही पाटणलाच आहे, आणि तेथे जाणारे लोक वेगळे आहेत.